आबांचं काम आणि दहा चिमटे

शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता आणि त्याच्या शेजारी कपडे वाळत घालायचे दहा लाकडी चिमटे. रोजचे चिमटे मागच्या अंगणात दोरीला असायचे, बहुतेक वेळ पावसात भिजत. हे दहा मात्र खेळातले. त्यांना कपड्यांना लावायचं नाही, असा आजींचा नियम होता.

डब्लिनजवळ स्वोर्ड्सला आम्ही राहायला आलो २०१५ साली. नवरा ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात डॉक्टर, मी विमानतळाजवळच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिची शाळा सुटायची अडीचला आणि मी घरी पोचायची साडेपाचला. मधले तीन तास शेजारच्या आजींनी आपणहून उचलले. आमची घरं भिंतीला भिंत लागून. पहिल्याच आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती माझ्याकडे बसेल. इट्स नो बॉदर, पेट." इथे 'बाळ' म्हणावं तसं पेट म्हणतात. मी आभार मानायला लागले तर हात झटकून निघूनही गेल्या.

त्या तीन तासांत दोघी काय करतात, हे मला हळूहळू कळलं. आजी मूळच्या लिमरिककडच्या एका खेड्यातल्या. अठराव्या वर्षी डब्लिनला नोकरीला आल्या आणि एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहिल्या. त्या बाईंकडे टीव्ही होता. छपरावर उंचच उंच अँटेना लावली की समुद्रापलीकडचं इंग्लंडचं चॅनल दिसायचं. रविवारी संध्याकाळी सगळ्या भाडेकरू पोरी खालच्या खोलीत जमायच्या, कारण एक खेळ लागायचा. साधाच खेळ. एक अनोळखी माणूस येतो, फळ्यावर आपलं नाव लिहितो, आपल्या कामातली एक हालचाल करून दाखवतो आणि खुर्चीत बसतो. समोर चार नामवंत मंडळी. त्यांनी प्रश्न विचारून त्याचं काम ओळखायचं. त्याने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दहा वेळा 'नाही' आलं की तो माणूस जिंकला आणि त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं. मध्ये एक अध्यक्ष बसलेला. त्याला उत्तर माहीत असतं. पाहुणा अडखळला किंवा चुकला तर अध्यक्षाने खरं काय ते सांगायचं.

माझ्या मुलीला या खेळाचं वेड लागलं. दोघी दुपारभर तेच खेळायच्या. 'नाही' आलं की एक चिमटा डब्यात, टण्. पोस्टमन, डेंटिस्ट, मेंढ्यांची लोकर कापणारा. मी न्यायला गेले की दारातूनच टण् ऐकू यायचं.

एकदा कुतूहल म्हणून मी इंटरनेटवर तसले जुने कार्यक्रम शोधले आणि रात्रीचा स्वयंपाक बाजूला ठेवून बघत बसले. कृष्णधवल चित्र. पॅनेलवरचे पुरुष काळ्या बो-टायमध्ये, बायका पार्टीला जाव्यात तशा गाऊनमध्ये. आणि समोर कोण, तर कारखान्यात कपांना कान चिकटवणारा माणूस. ती सगळी थोर मंडळी त्याला सर म्हणत होती. काम ओळखलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तो कसं काय करतो ते त्याला विचारलं. मला ते बघून बरं वाटलं, आणि मग अजिबात बरं वाटेना. मी लॅपटॉप बंद केला.

त्याचं कारण सांगते.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नुसती आमच्या घरातली नाही, आमच्या आळीतली. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. पुण्याला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला तो माझ्या मार्कांवर. पण त्या प्रवेशाच्या वेळी खिडकीवर एक फॉर्म भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'कल्हई'. खिडकीमागचा कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "कल्हई? अजून करतं का कोणी? बिझनेस लिही की सरळ." तो वाईट नव्हता. सोपं करून देत होता. मागे रांगेत उभी असलेली दोन-तीन मुलं हसली. मी 'कल्हई' खोडलं आणि 'बिझनेस' लिहिलं.

एकदा लिहिलं ते चालूच राहिलं. हॉस्टेलवर बिझनेस, लग्न ठरताना मेटलचा बिझनेस, आयर्लंडला आल्यावर तर मेटल फिनिशिंग. त्यातला एकही शब्द धड खोटा नव्हता, म्हणून तर इतकी वर्षं चाललं. नवऱ्याला लग्नानंतर सगळं सांगितलं. तो म्हणाला, मग एवढं काय? मला मात्र एवढं होतं. मुलीला तर मी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं, आजोबांची कंपनी आहे.

आणि आबा? आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, लेक सगळ्या जगाला सांगत असेल.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २०१७च्या मे महिन्यात, आबा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले. विमानतळावर बॅग उघडली तर मध्ये धोतरात गुंडाळलेलं पितळेचं पातेलं. "कल्हई करून आनलंय," म्हणाले. "ताजी हाय. बग, तोंड दिसतंय." खरंच दिसत होतं. आत चांदीसारखं लखलखत होतं. मी घरी आल्यावर ते प्रेसमध्ये ठेवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो होतो. खालच्या प्रेसमध्ये, ओव्हनच्या ट्रेच्या मागे.

आबा रोज विचारत नव्हते. पण आमटी ताटात पडली की एकदा स्टीलच्या पातेल्याकडे बघायचे.

आजींशी त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं. त्यांना इंग्रजीचे दोन शब्द यायचे, आजींना मराठीचा एकही नाही. कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर दोन्हीकडून कोपर टेकून दोघं आपापल्या भाषेत हवेबद्दल बोलायचे. आजी मला विचारायच्या, "हाऊ इज हिमसेल्फ?" हिमसेल्फ म्हणजे आबा. आणि आबा मला विचारायचे, "बाई जेवल्या का?"

जूनमधल्या एका रविवारी दुपारी आजींनी आम्हाला चहाला बोलावलं. नवरा ड्युटीवर होता. आम्ही तिघं गेलो. चहा झाला, सफरचंदाचा केक झाला, आणि माझ्या मुलीने प्रेस उघडून डबा बाहेर काढला.

"आजोबांना खेळायचंय," ती इंग्रजीत म्हणाली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीत देते, आणि मला इथल्या मुलांसारखी आई नाही, मॅम म्हणते. "आय डोंट ॲक्च्युअली नो व्हॉट ही डिड. नॉट प्रॉपर्ली."

मी म्हणाले, "अगं, त्यांना इंग्रजी कुठे येतं."

"त्यांना दोनच शब्द लागतात," आजी म्हणाल्या. "आणि तू अध्यक्ष. तुला उत्तर माहीत आहे. प्रश्न तू त्यांना सांग. आम्ही दोघी पॅनेल."

मी आबांना खेळ समजावून सांगितला. मनात एकच होतं, आबा नाही म्हणू देत. ते म्हणाले, "आसं व्हय? आन् माझं काम वळखाय बसल्यात ह्या?" आणि खूश होऊन उठले.

मुलीने घरून आपला छोटा फळा पळत जाऊन आणला. आबांनी खडू घेतला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. एकेक अक्षर कोरून त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि शेवटी वरची रेघ ओढली, पट्टीने ओढावी तशी सरळ. आजी म्हणाल्या, "लव्हली हँड." मी आबांना सांगितलं, अक्षर छान म्हणतात. आबा म्हणाले, "मग? मास्तर हुता तसला."

आता हालचाल. आबांनी बूट काढले, मोजे काढले. ओट्यापाशी पायपुसण्यावर उभे राहिले, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली आणि कमरेपासून खाली अर्धा गोल डावीकडे, अर्धा गोल उजवीकडे असे पाय फिरवायला लागले. खर्र, खर्र. मोठं पातेलं असलं की ते असंच आत उभे राहून घासायचे. आत वाळू, पायाखाली पोत्याचा तुकडा, हात भिंतीला. मी लहानपणी त्यांच्या पाठीला चिकटून आत उभी राहायची आणि आम्ही दोघं मिळून फिरायचो. सदुसष्ट वर्षांचे आबा स्वोर्ड्सच्या एका स्वयंपाकघरात ते जसंच्या तसं करत होते.

आजींनी हसून डोळ्याला रुमाल लावला. "हिमसेल्फ इज डुइंग द ट्विस्ट! नाचणारे आहेत का?"

"नाही." टण्.

"द्राक्षं तुडवता?" मुलीने विचारलं. टण्.

गणवेश घालता? टण्. हे काम पाण्यात चालतं? टण्. हाताने काम करता? "हातानं आन् पायानं," आबा म्हणाले. बायकांना तुमची गरज पडते का? आबा लाजले. "बायकांनाच पडती, सांग त्यांना." आजी म्हणाल्या, "ओ, गो ऑन!" आजारी माणसांना बरं करता? टण्. मला ते खाता येईल? टण्. सहा चिमटे झाले. मी खुर्चीच्या टोकावर बसले होते.

मग मुलीने शहाण्या वकिलासारखा चेहरा केला. "डिड यू हॅव ॲन ऑफिस? मॅम म्हणते तुमची मेटलची कंपनी होती."

मी भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती. ऑफिस आणि कंपनी हे दोन शब्द आबांना येत होते.

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. भांड्याला चीर आहे का ते उन्हाकडे धरून बघायचे, तसं बघितलं. फार वेळ नाही. मग पोरीकडे वळले आणि मान डोलावून मोठ्याने म्हणाले, "येस. ऑफिस. येस."

आमच्या आबांनी उभ्या जन्मात खोटं सांगितलेलं मी ऐकलं नाही. कथील कमी लावून पूर्ण लावलं म्हणणाऱ्यांशी ते बोलायचेसुद्धा नाहीत. माझी लाज राहावी म्हणून ते त्या लाकडी खुर्चीत ताठ बसून येस म्हणाले, आणि चेहरा इतका गंभीर की कुणालाही पटावं.

मुलीने विजयी हात वर केला. आजींनी माझ्याकडे बघितलं. अध्यक्ष मी होते.

"नाही," मी म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून परत म्हणाले. "उत्तर नाही असं आहे. चिमटा टाक."

"बट ही सेड येस!"

"ते माझ्यासाठी म्हणाले. ऑफिस नव्हतं. कंपनी नव्हती. ते मी सांगत होते, ते बरोबर नव्हतं. चिमटा टाक, बाळ."

टण्.

आबा हळूच म्हणाले, "कशाला गं?" मी म्हणाले, "नियम आहे, आबा."

आजींनी घसा साफ केला आणि काही घडलंच नाही अशा सुरात पुढचा प्रश्न विचारला. दारोदार जायचात का? हो. रस्त्याच्या कडेला बसून काम करायचात? हो. विस्तव लागायचा? हो. आजींनी भुवई उचलली. त्यांनी आधी आबांच्या हातांकडे बघितलं, मग वरच्या फळीवर ठेवलेल्या एका जुन्या पत्र्याच्या मगाकडे. नंतर मुद्दाम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मुलगी पेटली होती. "वस्तू विकता?" नाही. टण्. "फायरमन?" नाही. टण्. एकच चिमटा उरला. तिने आजींचा दंड हलवला. "तुझी पाळी! विचार करून!"

आजींनी डोळे मिटले, पुष्कळ विचार केला आणि म्हणाल्या, "वॉज ही अ बिशप?"

"नो!" मुलगी किंचाळली. पण उशीर झाला होता. आबांना बिशप म्हणजे काय ते कळलंही नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी कानांना हात लावले. "छ्या छ्या. न्हाई." दहावा चिमटा डब्यात पडला आणि आजींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मग मी सांगितलं. बसल्या बसल्या, न थांबता, मुलीला कळावं म्हणून अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं तर ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा लेप लागतो. आजोबा गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून कोळसा पेटवायचे, माझी आई भाता मारायची. भांडं तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा धूर, कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायचं. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. सगळी गल्ली जमायची बघायला. "आणि मी भात्याशेजारी पुस्तक घेऊन बसायचे," मी म्हणाले. "माझी सगळी शिकवणी त्या धुरात झाली."

"मॅम, दॅट्स लाइक मॅजिक," मुलगी म्हणाली. "तू मला सांगितलं का नाहीस?"

याला हो-नाहीत उत्तर देता येत नव्हतं. मी म्हणाले, "चुकलं माझं."

तिने तिथेच प्रशस्तिपत्रक बनवलं. सोनेरी स्केचपेनने कड काढली. आबांचं नाव फळ्यावरून बघून बघून उतरवलं, रेघेसकट. खाली 'काम' असं इंग्रजीत लिहून पुढे जागा सोडली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या जागेत मी लिहिलं, कल्हई. यावेळी कुणाला विचारलं नाही.

निघताना आबा आणि मुलगी पुढे गेले. मी दारात आजींना म्हणाले, "तुम्ही ओळखलं होतं."

"विस्तवाला हो म्हणाले तेव्हाच," त्या म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी गावाकडे एका भटक्या जमातीतला एक माणूस यायचा. अंगणाच्या भिंतीशी बसून बादल्यांचे बूड बदलायचा, पत्र्याचे मग बनवून द्यायचा. वरच्या फळीवरचा मग त्याच्याच हातचा. गावातले लोक त्याला ज्या नावाने हाक मारायचे तो शब्द आता कुणी तोंडात घेत नाही, आणि घेऊही नये, असं त्या म्हणाल्या. "माझी आई त्याला चहा द्यायची. पण बाहेर द्यायची. घरात नाही." त्यांनी पुढे गेलेल्या आबांकडे बघितलं. "तुझ्या वडिलांना दहावा चिमटा मिळायलाच हवा होता."

मी आबांना गाठलं आणि घरापर्यंतची वीस पावलं त्यांच्याबरोबर चालले.

"आबा, मी इतकी वर्षं..."

"आगं, जाऊंदे की." ते कागद वाऱ्याने उडू नये म्हणून छातीशी धरून चालत होते. "मला तरी कुटं सांगाय येतंय तू काय करतीस ते? लोक इचारत्यात. मी म्हनतो, कॉम्प्युटर. आन् फुडं काय इचारायच्या आत इषय बदलतो. तुजं माजं फिट्टंफाट."

मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच.

त्या संध्याकाळी मी खालच्या प्रेसमधून ओव्हनचे ट्रे काढले आणि पातेलं बाहेर घेतलं. चिंच-गुळाची आमटी केली. आबांनी तीनदा वाढून घेतली. पातेल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

ऑगस्टमध्ये ते परत गेले. प्रशस्तिपत्रक बॅगेत घातलं नाही, हातातच नेलं. पुढच्या वेळी व्हिसाचा फॉर्म भरताना मी त्यांचं काम होतं तसं लिहिलं. लिहायला अडीच ओळी लागल्या. कुणी काही विचारलं नाही, व्हिसा आला.

२०१९च्या जुलैमध्ये आबा पुन्हा आले. चहा झाल्यावर मी पातेलं त्यांच्या हातात दिलं. दोन वर्षं त्यात रोज काही ना काही शिजलं होतं. तळाशी चांदी पार गेली होती आणि पिवळं पितळ उघडं पडलं होतं. मी म्हणाले, "आबा, कल्हई गेली."

ते खिडकीशी गेले. पातेलं उजेडाकडे धरून आतून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"वापरलंस व्हय गं," म्हणाले.

आणि बॅगेतून रुमालाची पुरचुंडी काढली. कथलाची कांडी, नवसागराची पुडी, कापूस. विचारून आणलं नव्हतं, पण आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात बार्बेक्यूचा कोळसा पेटवला. भाता नव्हता, म्हणून एक्स्टेंशन वायर लावून केस वाळवायचा ड्रायर आणला. दहा वर्षांची माझी मुलगी तो दोन्ही हातांत धरून उकिडवी बसली आणि आबा तिला सांगत होते, "हळू, हळू. आता मार." आजी भिंतीवर कोपर टेकून उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे आता फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून मी त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या बसेनात.

पलीकडच्या घरातली मुलीच्या वर्गातली मैत्रीण धूर बघून कुंपणावरून डोकावली. "तुझे आजोबा काय करतायत?"

मुलीने ड्रायर न हलवता मान वळवली. "गेस," म्हणाली. "यू गेट टेन 'नो'ज."

आबांनी मला विचारलं, "काय म्हनती?"

"ओळख म्हणतेय तिला. तुमचं काम."

आबांनी कापसाचा बोळा गर्रकन फिरवला. पांढरा धूर उठला, पातेलं आतून लखलखलं. त्यांनी ते पकडीत धरून बादलीत बुडवलं. चर्र आवाज आला, मैत्रीण दचकून मागे सरली आणि परत पुढे आली. आबांनी पातेलं वर काढून तिच्या बाजूला कलतं धरलं, तिला तिचं तोंड दिसेल असं.

"आता वळखंल," ते म्हणाले.